मुनारा नंबर एक्केचाळीस

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जंगलाच्या मुनाऱ्यावर एका पायावर उभा होता. दुसरा पाय हवेत, एक हात पळसाच्या फांदीला, आणि दुसऱ्या हातातला मोबाईल आभाळाच्या दिशेनं उंच धरलेला.

"आई! हो, जेवलो! ...नाई व, भात नाई, पोळ्या... आवाज येऊन राह्यला का?"

मार्चातली सकाळ. नाल्याच्या कोरड्या पात्रातली वाळू अजून थंड होती, आणि साऱ्या रानाला मोहाचा तो गोड, जड, डोकं जरासं गरगरवणारा वास. त्या वासाला मी नंतर बराच दोष दिला.

"उतरा खाली," मी म्हटलं.

त्यानं वळून पाहिलं. खाकी कपडे, टोपी, हातात टेप. मग मोबाईल तोंडाशी नेऊन हळूच म्हणाला, "आई, ठेवतो. पोलीस आली."

"पोलीस नाही, वनरक्षक. आणि तुम्ही उभे आहात तो सरकारी मुनारा आहे."

तो उतरला. उतरला म्हणजे घसरलाच. गुडघ्यापासून खाली पँटीला पांढरा चुना लागला.

मुनारा म्हणजे जंगल इथून सुरू होतं असं सांगणारी खूण. आमच्याकडे कुठं सिमेंटचे खांब आहेत, कुठं नुसते दगडांचे ढीग. दरवर्षी चुना मारायचा आणि काळ्या रंगानं नंबर टाकायचा. हा ढीग होता एक्केचाळीस. मी या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या पट्ट्यात, येऊन पाच महिने झाले होते आणि त्याला चुना मीच मारला होता, म्हणून जरा जास्तच राग आला.

"नेटवर्क इथीच भेटते मॅडम," तो चुना झटकत म्हणाला. "मी निकेश. पुलाचा इंजिनियर."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या मागं गेलं. नाल्यापासून लाल फिती बांधलेल्या खुंट्या रांगेनं वर आल्या होत्या. मुनाऱ्याच्या बाजूनं, मुनाऱ्याच्या पुढं... सरळ जंगलात.

"ह्या कशाच्या?"

"रस्त्याच्या. पुलावरून उतरल्यावर गाडी काय उडी मारन गावात?"

"परवानगी?"

"आहे ना. बांधकाम खात्याची."

"मी जंगलाची विचारते आहे."

त्यानं डोकं खाजवलं. डोक्यालाही चुना लागला. "तुमचं नाव काय म्हणले?"

"म्हटलंच नाही. कशाला पाहिजे?"

"परवानगी कोणाले मागाची, ते तं समजलं पाह्यजे."

मला हसू आलं. आलं ते टोपीखाली लपवलं, आणि बॅगेतून कोरे कागद काढले. "मुनाऱ्याच्या पुढचं काम बंद. पंचनामा करावा लागेल. दोन पंच पाहिजेत."

आणि तिथं सगळं अडलं. कारण मोहाच्या दिवसांत सकाळी गावात माणूस सापडत नाही. उजाडायच्या आत सगळे रानात. ज्याच्या त्याच्या घराण्याचं मोहाचं झाड ठरलेलं, त्या झाडाखाली रात्रीतून पडलेली फुलं वेचायची, आणि ऊन चढलं की टोपल्या घेऊन परत. तोवर पंच कुठून आणणार? आणि ज्याचं काम बंद करायचं त्यालाच पंच कसा करणार?

"मग थांबू," तो म्हणाला आणि एका खडकावर बसला. शेजारच्या खडकावरची धूळ त्यानं रुमालानं झटकली... माझ्यासाठी. मी तिसऱ्याच खडकावर बसले.

दोन तास. एवढ्या वेळात मला कळलं की तो भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतला आहे, त्याला एक लहान बहीण आहे, आणि त्याला गप्प बसता येत नाही. त्याला कळलं की मी सावली गावची, नाव दिव्यानी, पहिलीच नोकरी, आणि ती अजून पक्की व्हायचीय. हे शेवटचं मी का सांगितलं, मला आजही माहीत नाही.

"म्हणजे तुमचंही काम अजून मंजूर नाई," तो म्हणाला.

"मी कागदाशिवाय सुरू नाही केलं."

"हे बाकी लागलं," म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला.

अकराच्या सुमारास गावातली सुकरीबाई आली. डोक्यावर मोहाची टोपली, मागं कोलूदादा, आमचा म्हातारा वनमजूर. मी कागद वाचून दाखवला. मुनारा क्रमांक एक्केचाळीसपासून पुढं तीस मीटर, वनक्षेत्र, विनापरवाना. दोघं मान हलवत ऐकत होते. सुकरीबाईनं अंगठा दिला आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन व बाई, पूल थांबवतेस? माही सून दोन जिवाची हाय. श्रावणात मोकळी होईल. तवा नाल्याच्या पुरातून खाटेवर नेऊ का तिले?"

"पूल नाही थांबवला, बाई. फक्त पलीकडचा तुकडा. परवानगी आली की सुरू."

"आन कवा येते ते?"

मी सांगितलं. गावाच्या रस्त्यासाठी थोडी जमीन लागली तर परवानगी लवकर मिळते, पण आधी ग्रामसभेचा ठराव पाहिजे. सुकरीबाईनं टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोह सोडून सभेले कोन बसल, बापा?"

दुसऱ्या दिवशी माझ्या अहवालावर आमच्या रेंजच्या साहेबांनी रीतसर काम बंदचा आदेश काढला. मी तो नेऊन दिला. निकेशनं सही केली, तारीख टाकली, आणि विचारलं, "पाहाले येसाल ना? बंद आहे का नाई ते?"

"यावंच लागेल."

"रोज?"

"नियमात रोज असं काही नाही."

पण मी जवळजवळ रोजच गेले.

नाल्याच्या अलीकडचं काम चालू होतं, पात्रातल्या दोन्ही भिंती उभ्या राहत होत्या. पलीकडं खुंट्यांच्या लाल फिती वाऱ्यावर नुसत्याच हलायच्या. मी जायची, फिती मोजायची. "बारा आहेत मॅडम, कालही बाराच होत्या," तो पात्रातून ओरडायचा. कधी टाकीवरचं गार पाणी, कधी त्याच्या बहिणीनं पाठवलेला चिवडा. एकदा त्यानं पळसाचं फूल माझ्या नोंदवहीत ठेवलं. मी म्हटलं, वनउपज आहे, जप्त करते. तो म्हणाला, पंच आणा.

ग्रामसभा ठरली. माणसं जमलीच नाहीत. पुन्हा ठरली. नऊ जण आले, त्यातला एक झोपला.

आणि दुसऱ्यांदा सभा मोडली तेव्हा घरी येताना माझ्या लक्षात आलं, मी गाणं गुणगुणत होते.

थबकले. हे काय चाललंय? गावाचा रस्ता अडलाय, आणि मला बरं वाटतंय? परवानगी आली की पलीकडचं काम होणार, काम झालं की तो पुढच्या कामावर सिरोंचाला जाणार, हे त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं. मी बंद लावला तो नियमासाठीच ना? तेव्हा तर नियमासाठीच होता... आणि आता? घरी पोचले, भात लावला, तो करपला.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते झालं.

वणव्याचे दिवस. कोलूदादाला घेऊन मी जाळरेषा साफ करत होते, म्हणजे हद्दीवरचा पालापाचोळा काढून आगीला वाट ठेवायची नाही. नाल्यापासून साठ पावलं आत एक मोठं वारूळ होतं. त्याच्या बाजूचा पाला ओढला, तर आत सिमेंटचा खांब. मातीनं अर्धा गिळलेला. मी फडक्यानं पुसला. कोरलेला आकडा होता... एक्केचाळीस.

एका जंगलाला दोन एक्केचाळीस कसे असतील?

"कोलूदादा, हा मुनारा, तर मग नाल्याजवळचा कोण?"

कोलूदादानं पागोटं काढून पुन्हा बांधलं. "ते सुकरीबाईले विचार. मले नको पाडू त्याच्यात."

सुकरीबाई अंगणात मोह वाळत घालत होती. मी विचारलं तशी ती हसायलाच लागली, तोंडावर पदर धरून.

"तो कायचा मुनारा व! तो आमचा वाटेचा देव. गाव सोडून लांब जाणारा मानूस एक गोटा ठेवून जाते त्याच्यापाशी. मंग ढीग झाला. मागं तुमच्या जंगल खात्याचा एक नाकेदार आला, त्यानं त्याले चुना मारला, नंबर टाकला. आमी म्हटलं, मारू दे. सरकार देवाले रंगवते तर कोन नाई म्हनल?"

"पण मी पंचनामा वाचला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू कागद वाचून राह्यली होतीस. आमाले वाटलं, आता सरकारनं त्याले मुनाराच केला असंल." मग तिनं मोहाचं एक फूल माझ्या हातावर ठेवलं आणि सहज म्हणाली, "तुमच्या इंजिनेरले मात्र सांगतलं होतं म्या. देवावर बूट घालून चढते म्हणून दुसऱ्याच दिवशी शिव्या घातल्या चांगल्या. तुले नाई सांगतलं त्यानं?"

नाही. नव्हतं सांगितलं.

मी तशीच साइटवर गेले. डोक्यात नुसता गोंधळ. माझी चूक, खात्याची चूक, देवाची माफी मागायची की साहेबांची... आणि तो? त्याला माहीत होतं. तरी रोज बारा फिती मोजू दिल्या मला?

तो पलीकडच्या भिंतीवरच्या ओल्या पोत्यांवर पाणी मारत होता.

"दोन एक्केचाळीस आहेत," मी म्हटलं.

त्याच्या हातातला पाइप खाली आला. पाणी त्याच्याच बुटात गेलं. "भेटला तुम्हाले?"

"म्हणजे माहीत होतं!"

"दुसऱ्या दिवसापासून. सुकरीबाईचं ऐकलं, मग नकाशा काढून पाह्यला. खरा मुनारा आतमधी असला पाह्यजे, येवढं समजलं. आपला सारा रस्ता हद्दीच्या बाहेरच आहे."

"आणि गप्प बसलात! एवढे दिवस! गावाचा रस्ता..."

"आयका तं." त्यानं ओला हात वर केला. "तीन कारणं होते. एक, ही भिंत. नवीन भिंतीच्या मागं भराव टाकला तं भिंत ढकलली जाते. तिले पिकू द्या लागते. बंद नसता तरी आजपावतर मी तिकडं मुरमाची एक पाटी टाकली नसती. गावाचा एकही दिवस गेला नाई, विचारा कोणालेही."

मी श्वास घेतला. "दोन?"

"दोन, तुमची नोकरी. खोटा मुनारा धरून बंद लावला, हे ठेकेदाराले समजलं असतं तं त्यानं वरपावतर कागद नेला असता. तुम्ही अजून पक्क्या नाई."

"आणि तीन?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाइपाकडे. मग लांब कुठंतरी. "तीन... मोटर बंद करून येतो."

गेला आणि आला तेव्हा डिझेलबद्दल बोलायला लागला.

"भिंत कधी तयार होईल?" मी मधेच विचारलं.

"आजच झाली." त्यानं पाइप गुंडाळायला घेतला. "पण दिव्यानी मॅडम... दहा दिवस जाऊ द्या. मोह सरत आला आहे, यावेळी सभा होते. ठराव झाला का परवानगी येते. बंद आपोआप उठतो. तुमची चूक कागदावर येणारच नाई. कोणालेच नाई समजणार."

"आणि त्या दहा दिवसांत?"

"मी आहे ना इथी," तो म्हणाला.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? इंजिनियर म्हणून आहे की... मला वाटलं, विचारावं. विचारलं नाही. आणि आत एक शहाणी, लबाड दिव्यानी म्हणाली, दहा दिवस तर आहेत. नोकरीही वाचेल, आणि तोही राहील. कोणाचं काय बिघडतंय?

परत जाताना हापशीवर सुकरीबाईची सून भेटली, दीपिका. भरलेली गुंडी तशीच ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी होती. "ताई, हे पाहा ना," म्हणत तिनं माझा हात धरला आणि पोटावर ठेवला. "आजपासूनच लागलं. लाथा मारून राह्यलं."

आधी काहीच कळलं नाही. मग तळहाताखाली काहीतरी टुक्‌कन झालं... मासळीनं पाण्यात शेपूट हलवावी तेवढंच. दीपिका खुदकन हसली. मी नाही हसले. मी मनात दिवस मोजत होते. भराव, मुरूम, दबाई, पाऊस. दहा दिवस माझ्यासाठी दहा होते. या तळहाताएवढ्या जिवासाठी ते किती होते, कोणाला माहीत?

गुंडी मी उचलून तिच्या दारापर्यंत नेली आणि तशीच क्वार्टरवर जाऊन कागद घेतला. मुनारा ओळखण्यात माझ्याकडून चूक झाली आहे. सदर जागा वनक्षेत्रात येत नाही. काम बंदचा आदेश मागे घेण्यात यावा. तीन वाक्यं. चार कागद फाटले.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे इतकी वर्षं आपलं खातं नेमानं देवाला चुना मारतंय."

"हो, सर."

"मागच्या साली मीच तपासणी केली होती त्याची. उत्तम असा शेरा दिला." ते हसले असावेत, पण लगेच चेहरा खात्याचा झाला. "बंद उठवतो. पण तुम्हाला मेमो निघेल. तपासल्याशिवाय अहवाल का दिला, खुलासा करा. पक्क्या व्हायला आणखी सहा महिने लागतील कदाचित."

"चालेल, सर," मी म्हटलं.

बंद उठवल्याचा आदेश मीच नेऊन दिला. निकेशनं उभ्या उभ्या वाचला.

"लिहिलंच तुम्ही."

"लिहिलं."

"मी नसतं लिहिलं," तो म्हणाला, एकदम खरं. "मले हिंमत नसती झाली." आणि पुढं काहीतरी बोलला, पण तेवढ्यात पलीकडं जेसीबी सुरू झाला आणि ते वाक्य त्या आवाजात गेलं. "काय?" मी ओरडले. तो "काही नाई!" असं ओरडला, आणि पळाला मशीनकडे.

पुढचे काही आठवडे असेच गेले. तो उन्हात काळा पडत होता, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कामावर. मला आता तिथं जायला काही कारण उरलं नव्हतं. मीच तर काढून टाकलं होतं. खात्याच्या जीपमधून जाताना लांबून दिसायचा, हात हलवायचा. मी हात हलवायची. मग दिवसभर विचार... त्यानं सगळ्यांना हलवतात तसा हलवला की वेगळा? माझी नोकरी वाचावी म्हणून गप्प बसला, तो चांगुलपणा होता. चांगुलपणालाच मी भलतं काही समजून बसले असेन तर? एकदा वाटायचं नक्की, एकदा वाटायचं छे. एकाच दिवसात चार वेळा मत बदलायचं. बदली झालेल्या कर्मचाऱ्यासारखी मी माझ्याच मनात इकडून तिकडं सामान हलवत होते.

मेच्या अखेरीस पूल झाला. गावानं नारळ फोडला, सुकरीबाईनं सगळ्यांना गूळ वाटला, आणि दीपिका हातात चप्पल घेऊन पुलावरून अनवाणी चालत गेली, का तर नवा आहे, घाण होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी निकेश निघाला. पुलाच्या मधोमध मोटारसायकल उभी, मागं दोरीनं बांधलेली बॅग.

मी योगायोगानं तिथं होते. म्हणजे सहा वाजल्यापासून.

"जातो," तो म्हणाला.

"हो."

"सिरोंचाले. तिथी गोदावरीच्या एका नाल्यावर असाच पूल आहे."

"हो. सांगितलं होतं."

तो कठड्यावर बोट घासत राहिला. मी टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी मलाच राग आला, त्याचा की माझा, माहीत नाही.

"तीन नंबर राहिला," मी म्हटलं.

"कोणता तीन?"

"कारण. तीन होती म्हणालात. दोनच सांगितली. मग मोटर बंद करायला गेलात."

त्याचे कान लाल झाले. एवढ्या उन्हानं काळ्या पडलेल्या माणसाचे कान लाल होतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. "मले वाटलं, समजलं असन तुम्हाले."

"नाही समजलं. मला आपोआप काही समजत नाही. देव आणि मुनारा यांतला फरक समजला नाही मला, तुमचं कुठून समजणार? स्पष्ट सांगा."

"आता असं आहे का..." त्यानं घसा साफ केला. "आजवर माह्यं काम कोणी थांबवलं तं मी त्याच्याशी भांडत आलो. आणि तुम्ही थांबवलं, तं मले रागच नाई आला. उलट... बरं वाटलं. घरी जाऊन विचार केला, हे काही ठीक लक्षण नाई. तपासलं तं पाह्यजे. म्हणून रोज फितींपाशी तुमची वाट पाहात जाओ. तं दिवसेंदिवस वाढतच गेलं."

"काय वाढत गेलं?"

"दिव्यानी!" तो पहिल्यांदाच मॅडम विसरला. "आवडता तुम्ही मले. खूप. झालं आता स्पष्ट?"

झालं होतं. आणि तरीही मी टोपी पुन्हा काढली आणि तिरकीच घातली.

"मला काही सुचत नाहीये," मी म्हटलं.

"हो म्हणाचं सुचत नाई, का नाई म्हणाचं?"

"दोन्ही." मग मला वाटलं, हा आता खरंच जाईल. "सावलीला... माझे बाबा आहेत. सोमाजी म्हणून कोणालाही विचारा. रोवणीच्या दिवसांत या. ते माणसाला आधी धानाच्या बांधीत उतरवतात, मग त्याच्याशी बोलतात."

"मले रोवणी येत नाई."

"माहीत आहे. चिखलात पडाल. ते हसतील." मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, पण नाही जमलं. "ते हसले म्हणजे आमच्या घरात हो असतं. माझं... माझं त्याच्याही आधीचं आहे."

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा दोन पावलं पुढं आला, माझ्या टोपीचा तिरका झालेला पट्टा एका बोटानं सरळ केला, आणि तसाच मागं वळला. हेल्मेट घातलं. उलटं घातलं, पुन्हा सरळ केलं. किक मारली. एकदा वळून पाहिलं, हसला, आणि गाडी सोडली...

गावाच्या दिशेनं.

सिरोंचाचा रस्ता माझ्या मागं होता. पुढं होतं ते फक्त गाव, त्याच्यापुढं जंगल. तो रस्ता गावात जातो आणि गावातच संपतो, त्यानंच बांधलाय, त्याला माहीत नाही असं कसं म्हणू? हेल्मेटसारखीच गाडीही उलटी गेली होती.

थांबा, असं ओरडायला मी तोंड उघडलं. माझं तर कामच ते. पण ओरडले नाही. कठड्याला टेकून उभी राहिले, आणि नव्या रस्त्यावरून धुरळा उडवत चुकीच्या बाजूला चाललेला माझा माणूस बघत राहिले.